दर चैत्रात मरणारा आमचा साडू

बीड जिल्ह्यात माणूस एकदाच मरतो, पण आमचा साडू दर चैत्रात मरायचा. आणि त्याच्याइतकं देखणं मरण मी जन्मात पाहिलं नाही. माणसं आणि मेंढरं मिळून मी लई मरणं पाहिलेली आहेत, तेव्हा मी हे उगीच बोलत नाही. युसूफ वडगावच्या पलीकडं त्याचं गाव. तिथल्या जत्रेत दर साली एकच नाटक व्हायचं, नाटकात राजा एकच, राजा म्हणजे आमचा साडू, आणि शेवटी राजा मरतो. दुसरा कुणी असता तर पडला आणि संपला. ह्याचं तसं नव्हतं. हा आधी छातीला हात लावायचा. मग दोन पावलं मागं, एक पुढं. मग पडायला बरी जागा बघायचा, कारण धोतर नवं असायचं आणि धुवायला त्याची बायको पुढ्यातच बसलेली असायची. पडला तरी लगेच मरेल तर शपथ. कोपरावर उठून एक भाषण, परत पडून दुसरं, मग नुसते ओठ हलायचे आणि म्हाताऱ्या बाया "गेला गं बाई, आता गेला" म्हणून पदर तोंडाला लावायच्या, तर हा एक डोळा उघडून कोण कोण रडतंय ते मोजायचा. एका साली लोकांनी टाळ्या पिटून "वन्समोर" केलं. साडू उठला, मुकुट सरळ केला, घोटभर पाणी प्याला आणि परत पहिल्यापासून मेला. उन्हानं जीव चाललेला, पण जागचा एक माणूस हलला नाही.

साडू म्हणजे आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्याची धाकटी. त्यांची आई गेली तेव्हा धाकटी रांगत होती. थोरली स्वतः परकरातली पोर, पण तिनं धाकटीला कडेवर घेऊन वाढवली, तिच्या वेण्या घातल्या, तिच्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळं थोरलीच्या लेखी बहीण म्हणा, लेक म्हणा, जे काय होतं ते धाकटी. मी धनगर माणूस. डोंगराच्या कडेला वस्ती, मेंढरं हीच शेती. शाळेत दोन वर्षं गेलतो, तिसऱ्या वर्षी मास्तरही कंटाळले आणि मीही. साडू सातवी पास. मधल्या पाच इयत्तांचा धाक त्यानं मला जन्मभर दाखवला. कुठंही वाद झाला की म्हणायचा, "साडू, हे सातवीच्या वरचं हाय, तू मेंढरं बघ."

नाटकाचं पुस्तक लई जुनं. पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं, म्हणून त्याचं नाव काय आणि ते लिहिलं कुणी हे आजवर कुणाला कळलं नाही. लोक त्याला दरवाजाचं नाटक म्हणायचे. गोष्ट अशी. एका राजाला दुश्मनानं एकदा फसवलेलं असतं, अंधारात ओळखीच्या आवाजात हाक मारून किल्ल्याचा दरवाजा उघडायला लावलेला असतो, आणि त्यात राजाचं अर्धं राज्य गेलेलं असतं. तेव्हा राजा शपथ घेतो, की दिवस मावळल्यावर हा दरवाजा कुणासाठी उघडणार नाही, साक्षात माझा बाप आला तरी. मग एक दिवस त्याचाच मुलगा लढाईतून जखमी होऊन येतो, नेमका दिवस मावळल्यावर. बाहेरून तीनदा हाक मारतो. राणी खिडकीत दिवा घेऊन उभी, राजाच्या पाया पडते. पहारेकऱ्याच्या कमरेला किल्ली. राजा म्हणतो, शब्द म्हणजे शब्द. सकाळी दरवाजा उघडतात तर पोरगा उंबऱ्यावर मरून पडलेला. ते बघून राजा मरतो, म्हणजे साडू मरतो, ते वर सांगितलंच.

हे सगळं काळोखातलं नाटक, पण व्हायचं भर दुपारी. बघायला येणारे निम्मे लोक आमच्यासारखे मेंढरंवाले, त्यांना दिवस कलायच्या आत कळपाकडं परतावं लागतं. म्हणून चैत्रातल्या उन्हात पहारेकरी म्हणायचा, "महाराज, काळोख दाटला," आणि स्वतः डोळ्यांवर हात धरून लोकांकडं बघायचा. राणीचं काम गावचा शिंपी करायचा. जत्रेसाठी तो मिशा काढायचा आणि त्या परत फुटेपर्यंत त्याची बायको माहेरी जायची. राजपुत्र म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, अंगानं राजाच्या दुप्पट. तो जखमी होऊन आडवा पडला की फळ्या कुरकुरायच्या.

एका साली अंबाजोगाईच्या कॉलेजातले एक सर पाहुणे म्हणून आले. नाटक झाल्यावर ते माईकवर बोलले, की मंडळी, ह्यातली पात्रं बघा, ह्याचा विषय बघा, ह्यातली प्रतीकं बघा. दरवाजा हे राजाच्या मनाचं प्रतीक, दिवा हे राणीच्या मायेचं प्रतीक. सर बोलले, जेवले, गेले. पण तो शब्द साडूच्या अंगात शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी धाकटीनं ताटात भाकर वाढली, तर हा ती हातात धरून बघत बसला. म्हणाला, "ही करपलेली भाकर कशाचं प्रतीक हाय?" धाकटी म्हणाली, "तुमी वलं सरपण आणलं त्याचं." बीडला कोर्टाच्या कामाला गेला, स्टँडवर तीन तास गाडी नाही, तर ह्यानं खिडकीत डोकं घालून कंट्रोलरला समजावलं, की ही न येणारी गाडी म्हणजे माणसाच्या आशेचं प्रतीक आहे. कंट्रोलर म्हणाला, "बाबा, ती पंक्चर हाय." तरी साडू खूश होऊन परत आला, म्हणाला, माणूस साधा आहे पण नाटक समजतो. शेळी व्याली तरी प्रतीक, सरपंच पडला तरी प्रतीक. माझ्या डोक्यावरच्या टक्कलाचंही त्यानं काहीतरी काढलं होतं, ते मी इथं लिहीत नाही.

पण एक सांगतो, त्यानं नाटकातल्या माणसांचा जेवढा विचार केला तेवढा लोक आपल्या भावाबहिणींचा करत नाहीत. पहारेकऱ्याला सगळ्या नाटकात दोनच वाक्यं. कुणी ते काम घ्यायला मागत नसे. साडू म्हणायचा, "अरे, सगळ्यात दुःखी माणूस त्योच हाय. किल्ली त्याच्या कमरंला अन् हुकूम दुसऱ्याच्या तोंडात." आणि हे म्हणताना त्याचे डोळे खरंच भरून यायचे. मग पहारेकऱ्याचं काम करणारा पोस्टमन पुढं आठ दिवस टपाल वाटतानासुद्धा खाली मान घालून फिरायचा.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर. मी म्हणायचो राजा चुकला. तो म्हणायचा, चुकला असता तर लोक रडले कशाला असते? आता आमच्याकडं मेंढरं रातच्याला वाघुरात असतात. वाघूर म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण. एखादी मेंढी मागं राहिली आणि नंतर बाहेर येऊन ओरडली, तर धनगर उठतो आणि जाळं वर करतो. थंडी असू दे, ताप असू दे. मी साडूला म्हणायचो, "ओरडणारं आपलं हाय का दुसऱ्याचं, ते आत घेतल्यावर बघता येतं." तो म्हणायचा, "मेंढपाळाला शब्द नसतो. राजाला असतो." मी म्हणायचो, "मग राजापरीस मेंढपाळ बरा." तो म्हणायचा, "हे सातवीच्या वरचं हाय."

मग ते साल आलं. त्या साली काय झालं ते मी स्वतःच लिहितो, कारण लोकांनी त्याला लई तिखटमीठ लावलंय. जत्रेच्या आदल्या आठवड्यात आमची एक गाभण मेंढी मागं राहिली. वाघुराबाहेर येऊन ओरडली असणार, पण राखणीला असलेल्या पुतण्याला जाग आली नाही. सकाळी तिची लोकर तेवढी सापडली. लांडग्यानं बाकी काही ठेवलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. गिरणीवाला दाराबाहेर आडवा होऊन म्हणाला, "बाबा, दार उघडा." साडू पाठ फिरवून उभा. दुसऱ्यांदा म्हणाला. शिंप्यानं साडूचे पाय धरले. तिसऱ्यांदा गिरणीवाल्याचा आवाज फाटला, खरा की खोटा देव जाणे, आणि मी काय करतोय ते मला कळायच्या आत मी स्टेजवर होतो. पोस्टमनला कोपरानं सारला आणि दार उघडलं. दार म्हणजे काय, बांबूच्या चौकटीला ठोकलेलं रंगवलेलं पोतं. त्याला ना कडी ना कोयंडा. मी म्हणालो, "ये बे आत."

गिरणीवाला बावचळला. इतकी वर्षं तो त्या दाराबाहेर मरत आलेला, त्याला आत कसं यायचं तेच ठाऊक नव्हतं. त्यानं राजाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग उठला, गुडघे झटकले आणि आत आला. शिंप्यानं त्याला गच्च मिठी मारली. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मंडपात जो गलका झाला त्याला तोड नाही. लोकांनी टोप्या उडवल्या, एका म्हातारीनं गिरणीवाल्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. सगळे आनंदात, आणि साडू एकटाच मध्ये उभा. पोरगा जिता, म्हटल्यावर राजाला मरायला जागाच उरली नाही.

पडद्यामागं तो माझ्यासमोर आला. मुकुट हातात, तोंडाला रंग तसाच.

"तू माझं मरण खाल्लंस बे," तो म्हणाला.

"पोरगं वाचलं की."

"पोरगं गिरणीवाल्याचं हाय. मरण माझं होतं." आणि मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आजपासून ह्याचा पाय माझ्या उंबऱ्याला लागता कामा नये. आधी ह्यानं बोलावं, चुकलो म्हणून."

मी म्हणालो, "मी न्हाई चुकलो. पयला तूच बोलशील. न्हाई बोललास तर ऱ्हा तसाच."

नऊ वर्षं. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. त्याचं नाटक पुढं चालूच राहिलं, फक्त मेंढरंवाल्यांना दोरीच्या पलीकडं बसवायला लागले. मी गेलो नाही. घरी मी सांगून टाकलं, की त्यांच्या दारात कुणी जायचं नाही आणि तिकडून कुणाला बोलवायचं नाही. तिकडं त्यानं धाकटीला तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

बायकांनी काय करायचं? त्यांनी आठवडी बाजार धरला. कासाराच्या पालात दोघी भेटायच्या. उगीच बसलं तर कासार काय म्हणेल, म्हणून बांगड्या भरायच्या. त्या नऊ वर्षांत थोरलीच्या हातात इतक्या बांगड्या झाल्या की भाकरी थापताना आमच्या घरात वाजंत्री लागल्यासारखं वाटायचं. तिच्या पिशवीत धाकटीच्या हातची शेंगदाण्याची चटणी असायची. मी विचारायचो, "ही कुठली?" ती म्हणायची, "बाजारातली." मी खायचो. मला सगळं कळत होतं. तिकडं साडू आमच्या लोकरीची घोंगडी पांघरून झोपायचा आणि विचारायचा, "ही कुठली?" त्यालाही बाजारातलीच म्हणून सांगितलेलं. त्यालाही कळत होतं. दोन शहाणी माणसं एकमेकांची चटणी आणि घोंगडी वापरत होती आणि बोलत नव्हती.

मग थोरलीचे गुडघे गेले. मग दम लागायला लागला. बाजार सुटला. घरात फोन एकच, तो माझ्या खिशात; तिकडंही तसंच. चार महिने बहिणी भेटल्या नाहीत. एक दिवस ती खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "अवो, धाकटीला एकदा बोलवा की. डोळ्यांनी बघावी वाटती."

"त्यानं फोन करावा. मी न्हाई म्हणत न्हाई."

"तिकडं ते बी हेच म्हणत असतील."

"म्हणू दे."

ती म्हणाली, "तिथं लोकाच्या पोरासाठी उठून दार उघडलंत. मला वाटलंतं, माझा नवरा लई मोठ्या मनाचा हाय." एवढंच. मी काठी घेतली आणि मेंढरांकडं निघून गेलो.

पुढच्याच महिन्यात तिला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागलं. पुतण्यानं जीपनं सोडलं आणि तो कळपाकडं परतला. डॉक्टर भला माणूस. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, जवळची माणसं असतील ती बोलावून घ्या." जवळचं माणूस एकच होतं. मी बाहेर पायरीवर बसलो, फोन काढला आणि साडूचा नंबर लावला. एकदा वाजला, आणि मी बंद केला. मिसकॉल. आमच्याकडं मिसकॉलचा अर्थ लहान पोरालाही कळतो: काम माझं आहे, पण बोलायला तू सुरू कर. मी म्हटलं, आता तो फोन करील, म्हणजे पहिला तो बोलला असं होईल, मग मी सगळं सांगीन. अर्ध्या तासानं माझा फोन वाजला. एकदा. आणि बंद. त्याचाही मिसकॉल.

मला राग आला. मी परत दिला, ह्या खेपेला दोनदा वाजू दिला. त्याचाही आला, दोनदा वाजलेला. असं तीन दिवस. मी आत जायचो, थोरलीच्या तोंडाकडं बघायचो, बाहेर यायचो, मिसकॉल द्यायचो. त्यानं मला मागून सांगितलं, की त्याला वाटलं, साडू नमला. त्याच्या फोनवर माझं नाव उमटतंय तेवढ्यानं तो घरात मान वर करून फिरत होता. त्यानं धाकटीला काही सांगितलं नाही. म्हटलं, आणखी एखादा येऊ दे, मग पुरतं बोलेल तो. दवाखान्याचं त्याला कुठलं माहीत? सांगायला कुणी बोललंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरली गेली. मग मी त्याला फोन लावला आणि पुरता वाजू दिला. त्यानं सावकाश उचलला.

"बोल," तो म्हणाला. आवाज राजाचा.

मी म्हणालो, "थोरली गेली."

पलीकडून फोन खाली पडल्याचा आवाज आला, आणि लांबून धाकटी विचारत होती, "कावून वो? कुणाचा फोन हाय?"

मातीला ते दोघं आले. धाकटीनं बहिणीच्या पायाला हात लावला आणि ती तिथंच बसून राहिली. तिला उठवायला तीन बाया लागल्या. ती रडली, पण मला आणि नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. संध्याकाळच्या आत सोयऱ्यांनी कडू घास आणला. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याची चूल त्या दिवशी पेटत नाही, सोयरे पिठलंभाकरी आणतात आणि पहिला घास आपल्या हातानं खाऊ घालतात. त्या दिवशी सोयरा साडूच होता. तो माझ्यासमोर गुडघे मोडून बसला, भाकर मोडली, घास केला आणि धरून राहिला. पिठलं त्याच्या मनगटावरून ओघळलं. "खा," म्हणाला. मी खाल्ला. समोरासमोर पहिला तोच बोलला हे त्या दिवशी ठरलं, आणि ते ठरून कुणाच्या काही उपयोगाचं नव्हतं.

तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकली, लोक पांगले, तेव्हा साडूनं मला हाताला धरून घरामागं बाभळीखाली नेलं. म्हणाला, "आज ती विचारणार. ताई शेवटी काय म्हणली म्हणून. काय म्हणली?" मी सांगितलं. तो खाली बसला. म्हणाला, "हे तिला सांगू नको. जन्मभर तेच घेऊन बसंल. तू म्हण, झोपेतच गेली. तरास न्हाई झाला. कुणाची आठवण काढली न्हाई."

"मला खोटं बोलता येत न्हाई."

"म्हणून तर आणलंय हितं. म्हण बघू."

मी म्हणालो. तो म्हणाला, "असं न्हाई बे. चावडीवर दवंडी दिल्यागत काय म्हणतोस? 'झोपेतच'वर थांब जरा. खाली बघ."

"थांबलो तर फुडलं विसरतो."

"मग मी धाकटी होतो. हं. 'दाजी, ताई शेवटी काय म्हणली?'" त्यानं डोक्यावर धोतराचा सोगा पदरासारखा घेतला आणि अगदी तिच्या आवाजात विचारलं. मी उत्तर दिलं. त्यानं चूक काढली. परत विचारलं. आजवर त्यानं मला एवढं जीव लावून काही शिकवलं नव्हतं. पाचव्या खेपेला त्यानं विचारलं, "दाजी, ताई शेवटी काय..." आणि त्याला पुढचं बोलताच येईना. तेव्हा आम्ही थांबलो आणि तोंडं धुऊन घरात गेलो.

धाकटी चुलीपाशी भांडी आवरत होती. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. "दाजी, ताई शेवटी काय म्हणली?"

मी खाली बघितलं. "झोपेतच," मी म्हणालो, थांबलो. "गेली. तरास न्हाई झाला. कुणाची आठवण काढली न्हाई."

ती हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "किती येळा म्हणून बघितलं?"

"कुणी?"

"तुमी दोघांनी. बाभळीखाली."

"पाच," साडू म्हणाला. आजवर हजार माणसांपुढं न चुकलेला माणूस.

"आता खरं सांगा."

मग मी खरं सांगितलं. थोरलीनं दुपारी डोळे उघडले आणि विचारलं, आली का धाकटी?

"मग तुमी काय म्हणलात?"

"म्हणलं, निघालीय. गाडीत बसलीय."

धाकटीनं पदर तोंडाशी नेला. "मग?"

"मग म्हणली, कुठवर आलीय? मी म्हणलं, आता फाट्यावर हाय. येतीयच."

"हसली का?"

"जराशी. म्हणली, उन्हाची आलीय, तिला आधी पाणी द्या."

धाकटी तशीच बसून राहिली. तिनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. साडू भिंतीला टेकून बसला होता. इतकी वर्षं मी त्याला रडताना बघितलं, पण ह्या खेपेला त्यानं तोंड लोकांकडं केलं नाही, भिंतीकडं केलं. थोड्या वेळानं धाकटी उठली, माठातून एक तांब्या पाणी घेतलं आणि दाराबाहेर जाऊन पायावर ओतून आली. मग परत भांड्यांना लागली.

त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. साडूच्या गावच्या जत्रेत आता ऑर्केस्ट्रा असतो. नाटक बंद, शिंपी मिशा ठेवून आहे. साडू आणि धाकटी दर बाजाराला आमच्या वस्तीवर येतात. ती आली की घर झाडते, भाकरी करते, आमच्याशी लागेल तेवढं बोलते, जास्त नाही. साडू प्रतीक वगैरे बोलायचा बंद झाला. मी मुद्दाम काहीबाही दाखवून विचारतो, हे कशाचं? तर म्हणतो, "कशाचं न्हाई. हाय ते हाय." मला ते ऐकवत नाही. माणूस चुकीचं बोलत असला तरी बोलता बरा.

परवा आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. तो एकदम म्हणाला, "साडू, पोरगं गेलं, राजा गेला. त्या राणीचं फुडं काय झालं बे?"

मी म्हणालो, "तुला ठावं असंल. सातवी तू पास हायस."

"लिहिलंच न्हाई," तो म्हणाला. "राजा पडला की पडदा पडतो. इतकी वर्षं मी हितं पडलेला असायचो, अन् ती मागं दिवा घेऊन उभी असायची. मी एकदा बी विचारलं न्हाई."

आत धाकटी भाकरी थापत होती. आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसून राहिलो.